पत्रकारितेचे शिक्षण : परवडणारे आणि पारखलेले

(एक विद्यार्थिनी, बी.कॉम. तृतीय वर्ष)

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याला घरीदारी एकच प्रश्न विचारला जातो, ‘पुढे काय?’ या प्रश्नाची ठरलेली उत्तरे आहेत : एम.कॉम., सी.ए., बँकेच्या परीक्षा किंवा वडिलांचे दुकान. ‘मला वर्तमानपत्रात काम करायचे आहे’ असे सांगितले की समोरचा माणूस क्षणभर गप्प बसतो आणि मग विचारतो, ‘त्याचे वेगळे शिक्षण असते का? आणि पोटाचे काय?’

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. गेले वर्षभर मी त्यांची उत्तरे शोधीत आहे. माझे वडील एका भुसार दुकानात हिशेब लिहितात. त्यांनी मला नाही म्हटले नाही आणि होही म्हटले नाही. ‘धाकट्याचेही शिक्षण व्हायचे आहे. तू एका कागदावर सगळा हिशेब मांड, मग बोलू,’ एवढेच ते म्हणाले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला याहून सरळ आज्ञा कोणती? मी चौकशी सुरू केली. सुटीत बडोद्याला मावशीकडे राहिले तेव्हा तेथील विद्यापीठाचीही माहिती घेतली. आपल्या महाविद्यालयात याच वाटेचा विचार करणारे आणखी कोणी असतील, त्यांचे श्रम वाचावेत म्हणून हा लेख.

पदवी सक्तीची आहे काय?

प्रथम हे स्पष्ट करावयास हवे. चार्टर्ड अकाउंटंट व्हायचे तर त्या संस्थेची परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. वकिली करायची तर बार कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. पत्रकाराला असा कोणताही परवाना लागत नाही. आपल्या घटनेच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि वृत्तपत्राचे स्वातंत्र्य त्याच्याच पोटात येते. पत्रकारांसाठी किमान पात्रता ठरवावी म्हणून २०१३ साली प्रेस कौन्सिलच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी एक समिती नेमली होती. त्यातून कायदा मात्र झाला नाही.

इतिहासही हेच सांगतो. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले तेव्हा ते विशीतले, म्हणजे आपल्याच वयाचे होते. टिळक कायदा शिकलेले, आगरकर एम.ए., आचार्य अत्रे मूळचे शिक्षक. यांच्यापैकी कोणाकडेही पत्रकारितेची पदवी नव्हती.

मग पदवी हवीच कशाला? कारण काळ बदलला आहे. पूर्वी उमेदवाराला दोन-चार वर्षे हाताखाली घेऊन, त्याची बातमी लाल शाईने दुरुस्त करून शिकविणारे उपसंपादक असत. आता बातमी मिनिटामिनिटाला द्यावी लागते. नवख्याला शिकवीत बसण्याइतकी सवड थोड्याच कचेऱ्यांत उरली आहे. शिवाय अब्रुनुकसानीचा कायदा, २००५चा माहितीचा अधिकार, कॅमेरा, ध्वनिमुद्रण, आकडेवारीची छाननी या गोष्टी कोणीतरी क्रमाने शिकवाव्या लागतात. ते काम चांगला अभ्यासक्रम करतो.

तात्पर्य, ही पदवी परवाना नव्हे, शिकवणी होय. हे एकदा ध्यानात आले की तिच्यासाठी किती खर्च करावा याचे मापही हाती येते. नुसत्या शिक्क्यासाठी डोक्यावर मोठे कर्ज घेणे शहाणपणाचे नाही. प्रत्यक्ष शिकवणी मिळत असेल तरच पैसे मोजावेत.

हे शिक्षण कोठून आले?

आपल्या देशात विद्यापीठीय पातळीवर टिकून राहिलेला पत्रकारितेचा पहिला विभाग १९४१ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात प्रा. पी. पी. सिंग यांनी सुरू केला. फाळणीनंतर तो दिल्लीत आणि पुढे चंडीगढला गेला. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात १९५१ साली नाडिग कृष्णमूर्ती यांच्या पुढाकाराने हा विषय पदवीवर्गाला शिकविला जाऊ लागला. त्याच सुमारास नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात रोलंड वूल्सली या अमेरिकन प्राध्यापकांच्या साहाय्याने पत्रकारितेचा विभाग निघाला. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग १९६४ चा, तर दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची. आज खाजगी संस्था गल्लोगल्ली दिसतात. पण या जुन्या सरकारी वाटा अद्याप चालू आहेत आणि सामान्य घरातल्या मुलांनी आधी त्याच पाहाव्यात.

बडोद्याचे उदाहरण

बडोदे हे मराठी माणसाला परके वाटत नाही. सरकारदरबारी त्याचे नाव वडोदरा. पण दांडिया बाजारात गेले की मराठी कानावर पडतेच. शिक्षणावर पैसा कसा खर्च करावा याचा धडा या गावाने सबंध देशाला दिला. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभे आहे.

बडोद्याचा आणि पत्रकारितेचाही जुना ऋणानुबंध आहे. अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोदे संस्थानच्या सेवेत होते, बडोदा कॉलेजात शिकवीत होते. त्यांची राजकीय लेखमाला १८९३ साली मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये प्रसिद्ध झाली. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती होती. याच विद्यार्थ्याने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ पाक्षिक काढले आणि त्यास शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. शिष्यवृत्तीचे मोल कशात मोजावे याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. त्या मासिक पौंडांतून पदव्या तर मिळाल्याच, पण ज्यांना आवाज नव्हता अशा लोकांना वृत्तपत्रही मिळाले.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. त्याचे मूळ १८८१ च्या बडोदा कॉलेजात आहे. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ हे शब्द यावेत असा आग्रह धरणाऱ्या त्याच या विदुषी. बडोदा कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्यावर त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी पत्रकारिता व समाजशास्त्राचा अभ्यास केला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाला त्यांचेच नाव दिले आहे.

या विद्यापीठात पत्रकारिता व संज्ञापन यांची स्वतंत्र विद्याशाखा आहे. पदव्युत्तर वर्गाला कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो, म्हणजे आपले बी.कॉम. तेथे अडचण ठरत नाही. शिकविण्याचे माध्यम इंग्रजी आहे. गुजरातेतील इतर सरकारी विद्यापीठांत गुजराती माध्यमाला मोठे स्थान असल्याने बाहेरच्या राज्यांतील मुलांना बडोदे सोयीचे वाटते.

पण येथेच एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. विद्यापीठाच्या आवारात मला भेटलेली एक परप्रांतीय विद्यार्थिनी म्हणाली, ‘वर्गात इंग्रजी चालते. वार्तांकनाला बाहेर पडलो की रिक्षावाला, पोलीस आणि नगरसेवक गुजरातीत बोलतात. आमची खरी परीक्षा तिथे.’ बडोद्यात उमेदवारी करायची तर ‘संदेश’, ‘गुजरात समाचार’, ‘दिव्य भास्कर’ ही दैनिके गुजराती आहेत. माझ्या मावशीच्या मुलांना ती घरच्यासारखी वाचता येतात. मला ती लिपी अक्षर अक्षर लावून वाचावी लागते. म्हणून बडोद्याचा अभ्यासक्रम कोणासाठी उत्तम? ज्याला इंग्रजीत लिहावयाचे आहे, किंवा जो गुजराती शिकण्याची तयारी ठेवतो त्याच्यासाठी. आणि राहण्याचा प्रश्न ज्याला नातेवाइकांमुळे सोडविता येतो त्याच्यासाठी. ज्याला मराठीत किंवा कन्नडमध्येच लिहायचे आहे, त्याने ‘विद्यापीठ चांगले आहे’ एवढ्यावर न थांबता ‘माझ्या भाषेसाठी चांगले आहे काय?’ असा दुसरा प्रश्न विचारावा.

हिशेबाचा कागद

आता वडिलांनी मागितलेल्या कागदाकडे वळू. आपण बहुधा माहितीपत्रकातील शुल्काचा आकडा पाहतो आणि स्वस्त-महाग ठरवितो. परिव्यय लेखाशास्त्र शिकलेल्याने तरी असे करू नये. या शिक्षणाच्या खर्चाची पाच खाती आहेत : शुल्क; राहणे-जेवणे-प्रवास; साधने, म्हणजे बऱ्यापैकी मोबाइल, संगणक वगैरे; उमेदवारीचा काळ, जो पुष्कळदा बिनपगारी असतो; आणि पाचवे म्हणजे नोकरी न केल्यामुळे बुडालेली मिळकत. हे शेवटचे खाते पावतीवर दिसत नाही, पण तेच सर्वांत जड असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साधने आणि उमेदवारी सर्वत्र सारखी धरून ती खाती बाजूला ठेवू. समजा, ‘अ’ ही दूरच्या शहरातील सरकारी संस्था आहे. शुल्क वर्षाला २०,००० रुपये. राहण्या-जेवण्याचे दरमहा ९,००० प्रमाणे दहा महिन्यांचे ९०,००० रुपये. दोन वर्षांचे एकूण २,२०,०००. ‘ब’ ही आपल्याच गावातील खाजगी संस्था. शुल्क वर्षाला ९०,०००, जाण्यायेण्याचा वगैरे खर्च १५,०००. दोन वर्षांचे २,१०,०००. शुल्कात साडेचार पटींचा फरक, पण एकूण खर्च जवळजवळ सारखाच!

आता ‘क’ घ्या. दूरच्या शहरात एकाच वर्षाची पदव्युत्तर पदविका. शुल्क १,००,०००, राहणे ९०,०००, एकूण १,९०,०००. वर्षाचे शुल्क पाहिले तर ‘क’ सर्वांत महाग. परंतु बी.कॉम. झालेल्याला दरमहा १२,००० रुपयांची नोकरी मिळाली असती असे धरले तर दोन वर्षांत २,८८,००० रुपये बुडतात, एका वर्षात १,४४,०००. हे मिळविले की ‘अ’चा खरा खर्च ५,०८,०००, ‘ब’चा ४,९८,००० आणि ‘क’चा अवघा ३,३४,०००. जे महाग दिसत होते तेच स्वस्त ठरले.

हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपापल्या संस्थेचे चालू वर्षाचे शुल्क, आपले भाडे आणि आपल्या गावातील पगार घालून हा तक्ता स्वतः करावा. मराठीत म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. कन्नडमध्येही हुबेहूब तीच म्हण आहे, ‘हासिगे इद्दष्टु कालु चाचु’. दोन्ही भाषांनी एकच सल्ला दिला असेल तर तो मानलेला बरा. फक्त अंथरूण मोजताना त्याची लांबी आणि रुंदी दोन्ही मोजावी.

गुण कसा ओळखावा?

खर्च मोजता येतो, गुण पारखावा लागतो. मी केलेल्या चौकशीतून मला पुढील कसोट्या उपयोगी वाटतात.

पहिली, मान्यता. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या २२व्या कलमानुसार पदवी देण्याचा अधिकार ठरावीक संस्थांनाच आहे. आयोग बनावट विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो, ती पाहावी. संस्था स्वतः पदवी देत नसेल तर कोणत्या विद्यापीठाची देते, हे लेखी विचारावे.

दुसरी, शिक्षक. पूर्णवेळ शिक्षक किती आणि त्यांपैकी प्रत्यक्ष वृत्तपत्रात, आकाशवाणीवर वा वाहिनीवर काम केलेले किती? एखाद्या प्रसिद्ध निवेदकाचे छायाचित्र माहितीपत्रकावर असते, पण तो वर्षातून एकदा भाषणापुरता येतो.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, सराव. विद्यार्थी स्वतः सरावाचे वृत्तपत्र काढतात काय? त्याचे मागचे अंक मागून घ्यावे आणि वाचावे. त्यांत समारंभाचे वृत्तान्त आणि पाहुण्यांचे हारतुरेच असतील तर ओळखावे की तेथे बातमी शिकविली जात नाही. गावच्या पाण्याविषयी, बसभाड्याविषयी, वसतिगृहाच्या खानावळीविषयी काही छापले असेल तर तेथे शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही जागे आहेत.

चौथी, मागील विद्यार्थी. गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्या दोघा-तिघांशी बोलावे. मी एका खाजगी संस्थेत गेले होते. तिच्या माहितीपत्रकात ‘शंभर टक्के नोकरी’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते. तेथून शिकून बाहेर पडलेल्या मुलीला विचारले तेव्हा कळले की त्या नोकऱ्यांत जाहिराती गोळा करण्याचे काम आणि दूरध्वनीवर ग्राहकांशी बोलण्याचे कामही धरले आहे. कोणतेही काम हलके नसते. पण त्यासाठी पत्रकारितेचे शुल्क भरावे लागू नये. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते.

परवडणाऱ्या वाटा

मराठीत लिहू इच्छिणाऱ्यांना पुण्याचा विद्यापीठ विभाग आहे. भारतीय जनसंचार संस्थेचे एक केंद्र अमरावतीला असून तेथे मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. या संस्थेला २०२४ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. कन्नड व इंग्रजीसाठी धारवाड आणि म्हैसूर आहेत. हिंदीची आवड असणाऱ्यांना भोपाळचे माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ, तर गुजराती येणाऱ्यांना गांधीजींनी १९२० साली स्थापन केलेले गुजरात विद्यापीठ ही संस्था आहे. नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचा विचार करावा. मुक्त विद्यापीठाचे पुस्तक बातमी शोधायला शिकवीत नाही हे खरे. परंतु दिवसा एखाद्या स्थानिक दैनिकात काम आणि रात्री अभ्यास, असे जमले तर दोन्ही मिळते.

शिष्यवृत्तीबाबत एक सूचना. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपण ज्या राज्याचे रहिवासी त्या राज्याकडून मिळते, महाविद्यालय कोठेही असो. सीमाभागातील मुलांनी म्हणूनच रहिवासाचे व उत्पन्नाचे दाखले निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावे. परराज्यात प्रवेश घेताना त्या राज्याबाहेरच्यांसाठी जागा किती, शुल्क वेगळे आहे काय, हेही विचारावे. कर्ज घेणे भागच असेल तर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पी.एम. विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते. आपली संस्था त्या यादीत आहे की नाही ते प्रवेशापूर्वीच पाहावे.

आपल्याजवळचे भांडवल

ताळेबंदात देणी लिहिली तशी जिंदगीही लिहिली पाहिजे. मराठी शाळेत शिकल्यामुळे इंग्रजीत मी अडखळते, ही देण्याची बाजू. पण आपण दोन भाषांत वाढलो, ही केवढी मोठी जिंदगी! या अंकाचे दोन्ही विभाग मी वाचू शकते. ग्रामपंचायतीची कन्नड नोटीस आणि त्याच गल्लीतल्या लोकांची मराठी तक्रार, दोन्ही मूळ शब्दांत समजणारा वार्ताहर ऐकीव भाषांतरावर अवलंबून राहत नाही. दोन भाषांच्या गावात अर्धे गैरसमज भाषांतरात जन्मतात. ते टाळणारा माणूस वृत्तपत्राला हवाच असतो.

आपल्या भागाला ही परंपरा आहे. बाबुराव ठाकूरांनी १९१९ साली बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला. बेळगावच्या १९२९ च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ‘काळ’कर्ते शि. म. परांजपे आणि १९४६ च्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, दोघेही संपादक. बडोद्याच्या १९२१ च्या संमेलनालाही ‘केसरी’चे न. चिं. केळकर अध्यक्ष होते. कन्नडचे पहिले वृत्तपत्र ‘मंगळूर समाचार’ १८४३ चे, ‘दर्पण’हून अवघ्या अकरा वर्षांनी धाकटे.

दुसरे भांडवल म्हणजे आपली वाणिज्य शाखा. सहकारी पतसंस्था बुडते तेव्हा ती एका दिवसात बुडत नाही; तीन-चार वर्षांच्या ताळेबंदात ते आधीच दिसत असते. साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल, नगरपालिकेचे अंदाजपत्रक, बँकेची थकबाकी हे वाचू शकणारे वार्ताहर थोडे आहेत. ठेवीदारांना वेळीच सावध करणारी बातमी आपल्यापैकीच कोणी देऊ शकेल. तीन वर्षे जे जमाखर्च शिकलो ते वाया जाणार नाहीत.

माझ्या कागदावर शेवटी असा क्रम उरला आहे : प्रथम मराठीत किंवा कन्नडमध्ये शिकविणारी सरकारी संस्था, शक्यतो एका वर्षाची, तेथे जागा न मिळाल्यास बडोदे, कारण तेथे मावशीच्या घरी राहण्याचा खर्च वाचतो, तेही न जमल्यास गावीच नोकरी करून मुक्त विद्यापीठ. चौथी वाट, म्हणजे मोठे कर्ज काढून मोठ्या नावाची खाजगी संस्था, मी खोडली आहे. वडील तो कागद दोनदा वाचून गेले आणि पाचव्या खात्यापाशी थांबून म्हणाले, ‘हे आमच्या दुकानात कोणी लिहीत नाही.’ निर्णय अजून व्हायचा आहे, पण आता आम्ही दोघे एकाच कागदाकडे पाहून बोलतो.

प्राध्यापकांना एक विनंती करून थांबते. आपल्या महाविद्यालयात द्वैभाषिक भित्तिपत्रक सुरू करावे. दर पंधरवड्याला एक, अर्धे मराठी, अर्धे कन्नड. त्याला लागेल तो ताव, शाई आणि थोडी सहनशीलता. ज्यांना या क्षेत्रात जायचे आहे त्यांना आपली आवड खरी की वरवरची, हे एक पैही शुल्क न भरता तेथेच कळेल.